डी.एन.ए. परीक्षण-संचांच्या वैधता-परीक्षणाचा इतिहास : प्रयोगशाळा, न्यायालय आणि पुराव्याची विश्वसनीयता

सारांश

डी.एन.ए. पुराव्याला न्यायदानात आज जे स्थान प्राप्त झाले आहे ते केवळ या रेणूच्या गुणधर्मामुळे मिळालेले नाही. १९८४ नंतरच्या दोन दशकांत न्यायालयातील उलटतपासणी, शास्त्रज्ञांमधील मतभेद आणि प्रयोगशाळांनी स्वतःवर घालून घेतलेली बंधने यांतून हे स्थान हळूहळू घडत गेले. या घडणीच्या केंद्रस्थानी ‘वैधता-परीक्षण’ ही प्रक्रिया आहे. प्रस्तुत निबंधात अमेरिका व ब्रिटन येथील या प्रक्रियेचा इतिहास मांडला असून त्याच्या प्रकाशात भारतीय स्थितीचा विचार केला आहे. वैधता ही संचाच्या वेष्टनावर छापून येणारी गोष्ट नसून ती विशिष्ट प्रयोगशाळेत, विशिष्ट प्रकारच्या नमुन्यांवर आणि विशिष्ट लोकसमूहाच्या संदर्भात पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : डी.एन.ए. आलेखन, परीक्षण-संच, वैधता-परीक्षण, न्यायसहायक विज्ञान, तज्ज्ञाचा पुरावा.

१. प्रस्तावना

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना ‘वैधता’ आणि ‘विश्वसनीयता’ या संज्ञा परिचित आहेत. एखादी कसोटी जे मोजण्यासाठी तयार केली आहे तेच ती मोजते काय, आणि पुन्हा मोजल्यास तेच उत्तर देते काय, हे दोन प्रश्न कोणत्याही मापनाच्या मुळाशी असतात. न्यायसहायक प्रयोगशाळेतील डी.एन.ए. परीक्षण हेही मापनच आहे. मात्र येथे मापन चुकले तर विद्यार्थ्याचे गुण नव्हे, तर माणसाचे स्वातंत्र्य आणि प्रसंगी प्राण पणाला लागतात.

महाराष्ट्रातील फौजदारी खटल्यांत पंचनाम्याने जप्त केलेला मुद्देमाल मोहोरबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो आणि तेथून येणारा अहवाल न्यायालयाच्या बोलीत आजही ‘सी.ए. रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, या जुन्या नावानेच ओळखला जातो. डी.एन.ए. अहवालाचा शेवट बहुधा एका वाक्यात होतो : अमुक नमुना तमुक व्यक्तीच्या नमुन्याशी जुळतो. त्या वाक्यामागे एक परीक्षण-संच असतो. काही सूक्ष्म कुप्यांमध्ये प्रायमर, विकर, रंगद्रव्ये आणि तुलनेसाठीचे मानक द्रव्य भरून तो बाजारात मिळतो. अहवालात संचाचे नाव असले तरी त्या संचाची त्या प्रयोगशाळेत कोणती परीक्षा घेतली गेली, हे त्या नावावरून कळत नाही. हा प्रश्न विचारण्याची गरज कशी निर्माण झाली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) डी.एन.ए. परीक्षणाच्या वैधता-परीक्षणाची संकल्पना कोणत्या परिस्थितीत उदयास आली याचा शोध घेणे. (२) तयार संचांच्या आगमनाने तिच्यात कोणते बदल झाले ते पाहणे. (३) या इतिहासातून भारतीय न्यायव्यवस्थेला उपयुक्त ठरतील असे निष्कर्ष काढणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून न्यायनिर्णय, मार्गदर्शक तत्त्वे आणि शास्त्रीय साहित्य यांचा आधार घेतला आहे.

३. आरंभकाळ : तंत्र आधी, परीक्षा नंतर

१० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना एका क्ष-किरण फितीवर एका कुटुंबातील व्यक्तींचे डी.एन.ए. पट्टे दिसले. प्रत्येक व्यक्तीच्या पट्ट्यांची रचना वेगळी होती आणि तरीही आई-वडिलांकडून आलेला वारसा त्यात ओळखता येत होता. १९८५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लवकरच लेस्टरशायरमधील नारबरो परिसरात १९८३ व १९८६ साली झालेल्या दोन मुलींच्या खुनांच्या तपासात या तंत्राचा वापर झाला. त्याचा पहिला परिणाम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या खुनाची कबुली दिलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचा डी.एन.ए. जुळला नाही आणि तो निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला व जानेवारी १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली.

या यशाने तंत्राभोवती एक वलय निर्माण झाले. अमेरिकेत १९८७ पासून खाजगी कंपन्यांच्या प्रयोगशाळा न्यायालयात डी.एन.ए. अहवाल सादर करू लागल्या. आरंभीच्या खटल्यांत बचाव पक्षाकडे या विषयाचे तज्ज्ञ क्वचितच असत. त्यामुळे अहवालातील आकडे फारसे आव्हान न मिळता स्वीकारले गेले. संशोधन-प्रयोगशाळेत ताज्या, मुबलक रक्तावर यशस्वी झालेले तंत्र रस्त्यावरच्या, कुजलेल्या, मातीत मिसळलेल्या डागावर तितकेच विश्वसनीय राहते काय, हा प्रश्न अद्याप कोणी न्यायालयात नीट उपस्थित केला नव्हता.

४. कॅस्ट्रो खटला (१९८९) : प्रश्नाचा जन्म

तो प्रश्न न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका खटल्यात उपस्थित झाला. फेब्रुवारी १९८७ मध्ये एक गरोदर स्त्री आणि तिची दोन वर्षांची मुलगी यांचा खून झाला होता. आरोपीच्या मनगटी घड्याळावर रक्ताचा लहानसा डाग सापडला. लाइफकोड्स या कंपनीच्या प्रयोगशाळेने तो डाग मृत स्त्रीच्या रक्ताशी जुळतो असे कळविले. बॅरी शेक व पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी या अहवालाला आव्हान दिले. पुराव्याच्या ग्राह्यतेवरील सुनावणी सुमारे बारा आठवडे चालली.

गणिती व आनुवंशिकीतज्ज्ञ एरिक लँडर यांनी बचाव पक्षाच्या वतीने प्रयोगशाळेच्या मूळ फिती तपासल्या, तेव्हा गंभीर त्रुटी उघड झाल्या. डागाच्या नमुन्यात काही जादा पट्टे दिसत होते. ते बाह्य द्रव्यामुळे आले असावेत असे प्रयोगशाळेने गृहीत धरले. पण ते पडताळणारा प्रयोग केला नाही. दोन पट्टे जुळतात की नाही हे ठरविण्यासाठी मोजमापाचा नियम सांगितला गेला. प्रत्यक्षात जुळणी नजरेने ठरविली गेली. पुढे जे घडले ते न्यायालयीन इतिहासात विरळ होय. दोन्ही पक्षांच्या तज्ज्ञांनी न्यायालयाबाहेर एकत्र बसून चर्चा केली आणि हा शास्त्रीय पुरावा पुरेसा विश्वसनीय नाही असे संयुक्त निवेदन केले.

न्यायाधीश जेराल्ड शाइंडलिन यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये दिलेल्या निर्णयात तीन प्रश्न वेगळे केले. मूळ सिद्धान्त शास्त्रजगतात मान्य आहे काय? त्यावर आधारित तंत्र मान्य आहे काय? आणि या विशिष्ट प्रकरणात प्रयोगशाळेने ते मान्य तंत्र प्रत्यक्षात नीट वापरले काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी होते, तिसऱ्याचे नकारार्थी. म्हणून डाग आरोपीच्या रक्ताचा नाही एवढे दाखविण्यापुरता पुरावा ग्राह्य ठरला. तो मृत स्त्रीचा आहे असे दाखविण्यासाठी अग्राह्य ठरला. आरोपीने नंतर गुन्हा कबूल केला, ही बाबही येथे नमूद करणे आवश्यक आहे. अहवालाचा निष्कर्ष बरोबर असू शकतो आणि तरीही त्या निष्कर्षापर्यंत पोहोचण्याची रीत पुरावा म्हणून अपात्र असू शकते. वैधता-परीक्षणाची सारी संकल्पना या एका भेदावर उभी आहे.

त्याच वर्षी लँडर यांनी लिहिलेल्या लेखातील एक निरीक्षण पुढे वारंवार उद्धृत झाले. घशाच्या साध्या संसर्गाची तपासणी करणाऱ्या वैद्यकीय प्रयोगशाळेवर जेवढी नियामक बंधने आहेत तेवढीही, माणसाला मृत्युदंडापर्यंत नेऊ शकणाऱ्या तपासणीवर नाहीत, असा त्याचा आशय होता.

५. नियमांची घडण (१९८८–१९९८)

अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने १९८८ मध्ये डी.एन.ए. विश्लेषण-पद्धतींविषयीचा तांत्रिक कार्यगट स्थापन केला होता. या गटाने १९८९ मध्ये गुणवत्तेविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली व १९९१ आणि १९९५ मध्ये ती सुधारली. १९९२ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील संख्याशास्त्रीय शिफारशींवर तीव्र वाद झाला आणि परिषदेला १९९६ मध्ये दुसरा अहवाल काढावा लागला. दरम्यान १९९४ च्या डी.एन.ए. ओळख कायद्याने सल्लागार मंडळाची तरतूद केली. या मंडळाने तयार केलेली गुणवत्ता मानके १ ऑक्टोबर १९९८ पासून न्यायसहायक प्रयोगशाळांसाठी अमलात आली. वैधता-परीक्षण हा त्या मानकांचा स्वतंत्र भाग होता.

या दशकात जे घडले त्याचे स्वरूप एका वाक्यात सांगता येईल. ‘तज्ज्ञ सांगतात म्हणून खरे’ या भूमिकेकडून ‘तज्ज्ञाने दाखवून दिले म्हणून ग्राह्य’ या भूमिकेकडे शास्त्राने प्रवास केला. हा प्रवास शास्त्रज्ञांनी आपणहून केला असे म्हणता येणार नाही. उलटतपासणीच्या रेट्यामुळे तो घडला.

६. तयार संचांचे आगमन

याच काळात तंत्रही पालटत होते. जेफ्रीज यांच्या पद्धतीला तुलनेने मोठा व सुस्थितीतील नमुना लागे आणि निकाल येण्यास आठवडे लागत. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पी.सी.आर. प्रक्रियेने डी.एन.ए.च्या ठरावीक तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काही तासांत तयार करता येऊ लागल्या. १९९० च्या सुमारास सीटस कंपनीचा एच.एल.ए. डी.क्यू. अल्फा संच न्यायसहायक कामासाठी उपलब्ध झाला. त्यानंतर लघु अनुक्रमांच्या पुनरावृत्तींवर, म्हणजे एस.टी.आर. स्थानांवर, आधारित पद्धती पुढे आली. यात चार अक्षरांचा एखादा अनुक्रम व्यक्तीच्या डी.एन.ए.त किती वेळा लागोपाठ आला आहे हे मोजले जाते.

ब्रिटनने सहा स्थानांची पद्धती घेऊन एप्रिल १९९५ मध्ये राष्ट्रीय डी.एन.ए. माहितीकोश सुरू केला. १९९९ मध्ये तेथे एका घरफोडीच्या नमुन्याशी सहाही स्थानांवर जुळलेला एक इसम दहा स्थानांच्या नव्या तपासणीत निर्दोष ठरला. अमेरिकेत प्रयोगशाळांच्या संयुक्त प्रकल्पानंतर नोव्हेंबर १९९७ मध्ये तेरा मूलभूत स्थाने निश्चित झाली. १ जानेवारी २०१७ पासून ती वीस झाली. या स्थानांसाठी दोन प्रमुख उत्पादकांनी आपापले संच बाजारात आणले : एकाचे प्रोफायलर प्लस, कोफायलर आणि पुढे आयडेंटिफायलर, दुसऱ्याचे पॉवरप्लेक्स १.१ व २००० मधील पॉवरप्लेक्स १६.

तयार संचांमुळे एकरूपता आली, हे मोठेच यश होते. परंतु त्याबरोबर जबाबदारीचे विभाजनही झाले. पूर्वी विश्लेषक आपली द्रावणे स्वतः बनवीत असे आणि त्यातील गुणदोष त्याला ठाऊक असत. आता संच कारखान्यात बनू लागला, वापर प्रयोगशाळेत होऊ लागला, आणि साक्ष मात्र कारखाना न पाहिलेला विश्लेषक देऊ लागला. त्यामुळे परीक्षा कोणी व कोणती घ्यावी, हे नव्याने ठरवावे लागले.

७. परीक्षा कशाची?

या प्रश्नाचे उत्तर दोन पायऱ्यांत दिले गेले. पहिली पायरी विकासात्मक वैधता-परीक्षणाची. ती मुख्यतः संच निर्माण करणाऱ्याने पार पाडावयाची असते. यात संच मानवाव्यतिरिक्त अन्य प्राण्यांच्या व जिवाणूंच्या डी.एन.ए.ला प्रतिसाद देतो काय, किती कमी नमुन्यापर्यंत उत्तर देतो, उष्णता, सूर्यप्रकाश, माती किंवा कापडाचा रंग यांचा परिणाम काय होतो, दोन व्यक्तींच्या मिश्रणात कमी प्रमाणातील व्यक्ती कोठवर ओळखता येते, आणि विविध लोकसमूहांत प्रत्येक रूप किती वेळा आढळते, या गोष्टी तपासल्या जातात.

दुसरी पायरी अंतर्गत वैधता-परीक्षणाची. ती प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःच्या यंत्रांवर, स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून, प्रत्यक्ष प्रकरणांसारख्या नमुन्यांवर पार पाडावयाची असते. एस.डब्ल्यू.जी.डी.ए.एम. या नावाने पुनर्रचित झालेल्या कार्यगटाने २००३ मध्ये संमत केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित तत्त्वांत अंतर्गत परीक्षणासाठी एकूण किमान ५० नमुन्यांची शिफारस आहे.

निर्मात्याने तपासलेला संच प्रयोगशाळेने पुन्हा का तपासावा, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर यंत्राच्या आलेखात आहे. संचाचा निकाल शिखरांच्या रूपाने उमटतो. प्रत्येक यंत्राच्या आलेखात तळाशी थोडा ‘गोंगाट’ असतो आणि तो यंत्रागणिक बदलतो. किती उंचीच्या वर शिखर खरे मानावे, ही सीमारेषा प्रयोगशाळेला स्वतःच्या मोजणीतून ठरवावी लागते. शिवाय प्रती तयार होताना एक पुनरावृत्ती गळून खऱ्या शिखराच्या अलीकडे एक लहान, सावलीसारखे शिखर उमटते. त्यास ‘स्टटर’ म्हणतात. मिश्र नमुन्यात ही सावली कोणती आणि दुसऱ्या व्यक्तीचे खरे लहान शिखर कोणते, हे ठरविण्यासाठी त्या प्रयोगशाळेतील स्टटरचे प्रमाण ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर सावलीलाच माणूस समजण्याचा धोका संभवतो. उलट बाजूने, खऱ्या गुन्हेगाराचे शिखर सावली समजून सोडून दिले जाऊ शकते.

८. ग्वामचा धडा

वैधता ही लोकसमूहसापेक्ष असते, याचे स्पष्ट उदाहरण पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावरून मिळाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात तेच नमुने दोन वेगळ्या उत्पादकांच्या संचांनी तपासण्यात आले. बहुतांश निकाल तंतोतंत जुळले. मात्र ग्वाममधील चामोरो व फिलिपिनो व्यक्तींच्या काही नमुन्यांत डी.८.एस.११७९ या स्थानावर प्रोफायलर प्लस संचाने एकच रूप दाखविले, तर पॉवरप्लेक्स १६ ने दोन.

यामागील कारण साधे होते. प्रायमर हा डी.एन.ए.वरील एका ठरावीक अनुक्रमाला चिकटतो व तेथून प्रती काढण्यास आरंभ होतो. या लोकसमूहांतील काही व्यक्तींमध्ये नेमक्या त्या चिकटण्याच्या जागी एका अक्षराचा बदल होता. त्यामुळे एका संचाचा प्रायमर तेथे नीट बसत नसे आणि ते रूप आलेखात उमटतच नसे. दुसऱ्या संचाचा प्रायमर वेगळ्या जागी बसत असल्याने त्याला ही अडचण आली नाही. यंत्र बिघडले नव्हते, विश्लेषकाची चूक नव्हती. संच ज्या समूहांवर घडविला गेला त्यांत हा बदल ठळकपणे समोर आला नव्हता, एवढेच. पुढे निर्मात्याने जादा प्रायमर घालून हा दोष दूर केला.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो ते पाहण्यासारखे आहे. घटनास्थळाचा नमुना एका संचाने आणि संशयिताचा नमुना वर्षांनंतर दुसऱ्या संचाने तपासला, तर एकाच व्यक्तीचे दोन नमुने त्या स्थानावर वेगळे दिसू शकतात. ही बाब माहीत असलेला विश्लेषक थांबून फेरतपासणी करील. माहीत नसलेला ‘जुळत नाही’ असे लिहून मोकळा होईल. दोघांमधील अंतर बुद्धिमत्तेचे नसून वैधता-परीक्षणाच्या नोंदींचे आहे.

९. गुपित आणि उलटतपासणी

संच ही व्यापारी वस्तू झाल्याने आणखी एक प्रश्न निर्माण झाला. प्रायमरचे अनुक्रम हे निर्मात्याचे व्यापारी गुपित मानावे काय? अमेरिकेत १९९९ व २००० मध्ये कॅलिफोर्निया आणि व्हरमाँट येथील न्यायालयांत हा मुद्दा उपस्थित होऊन, प्रायमर व विकासात्मक परीक्षणाचा तपशील प्रसिद्ध नसल्याच्या कारणासह डी.एन.ए. पुरावा नाकारला गेला. कोलोरॅडोमध्येही कनिष्ठ न्यायालयाने असाच निर्णय दिला होता. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फिरविला. एका उत्पादकाने २००० मध्ये आपले प्रायमर-अनुक्रम प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या संचांचा परीक्षण-तपशील २००२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रकाशित झाला.

या वादात संच सदोष असल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु न्यायालयाच्या दृष्टीने ‘आम्ही तपासले आहे’ हे आश्वासन आणि ‘तपासणी येथे आहे, तुम्हीही पाहा’ हे निवेदन यांत मूलभूत अंतर आहे. आरोपीला साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचा अधिकार आहे. संच जर मूक साक्षीदार असेल, तर त्याच्या वैधता-परीक्षणाची कागदपत्रे हीच त्याची जबानी होय.

१०. मर्यादा ओलांडल्यावर

संच प्रमाणित असला तरी तो त्याच्या तपासलेल्या मर्यादेत वापरला पाहिजे. मानवी पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डी.एन.ए. असते. साधारण १ नॅनोग्रॅम डी.एन.ए. आणि पी.सी.आर.ची २८ आवर्तने या मापावर तत्कालीन संच बसविलेले होते. म्हणजे नमुन्यात सुमारे दीडशे पेशी अपेक्षित होत्या. ब्रिटनच्या न्यायसहायक विज्ञान सेवेने १९९९ पासून मोजक्याच पेशींच्या नमुन्यांसाठी ३४ आवर्तनांची ‘अल्पप्रत’ पद्धती वापरली. इतक्या कमी नमुन्यात काही शिखरे निव्वळ योगायोगाने गळतात, तर काही बाहेरून आलेली शिखरे ठळक होतात. ऑगस्ट १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील ओमाघ येथे झालेल्या बॉम्बस्फोटात २९ जण मृत्युमुखी पडले होते. त्या खटल्यात या पद्धतीचा पुरावा सादर झाला. डिसेंबर २००७ मध्ये आरोपीची निर्दोष मुक्तता करताना न्यायाधीश वीर यांनी या पद्धतीच्या वैधतेचा आधार मुख्यतः तिच्या जनकांच्याच लेखांपुरता मर्यादित असल्याकडे लक्ष वेधले आणि वस्तूंच्या हाताळणीवरही कठोर टीका केली. पद्धतीचा वापर काही आठवडे स्थगित झाला व फेरआढाव्यानंतर जानेवारी २००८ मध्ये पुन्हा सुरू झाला.

जर्मनीतील अनुभव आणखी वेगळा आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन येथे एका महिला पोलिसाचा खून झाला. तेथे आढळलेला एका अज्ञात स्त्रीचा डी.एन.ए. जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील अनेक असंबद्ध गुन्ह्यांत सापडत होता. अखेर मार्च २००९ मध्ये उलगडा झाला की, हा डी.एन.ए. नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या भरणाऱ्या एका कर्मचारी स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या. परंतु निर्जंतुक असणे आणि डी.एन.ए.मुक्त असणे या भिन्न गोष्टी आहेत. पोलीस वर्षानुवर्षे अस्तित्वातच नसलेल्या गुन्हेगार स्त्रीचा शोध घेत राहिले. अशा साहित्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये आले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेने ‘पायाभूत वैधता’ आणि ‘उपयोजनातील वैधता’ असा भेद मांडला. एका व्यक्तीच्या अथवा दोन व्यक्तींच्या साध्या मिश्रणाचे विश्लेषण पायाभूतदृष्ट्या वैध असून अनेक व्यक्तींच्या गुंतागुंतीच्या मिश्रणाचे व्यक्तिनिष्ठ अर्थनिर्णयन तसे नाही, असे परिषदेने म्हटले. हा भेद म्हणजे शाइंडलिन यांच्या तीन प्रश्नांचेच सत्तावीस वर्षांनंतरचे रूप होय.

११. भारतीय संदर्भ

भारतात या तंत्राचा आरंभ आयात केलेल्या संचाने झाला नाही, ही अभिमानाची बाब आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार सापाच्या डी.एन.ए.वरील संशोधनातून बी.के.एम. हा शोधक विकसित केला होता. १९८८ च्या सुमारास त्याचा उपयोग मानवी ओळखीसाठी होऊ लागला. १९९१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने पितृत्वाच्या एका प्रकरणात डी.एन.ए. पुरावा मान्य केला. राजीव गांधी हत्या (१९९१) आणि दिल्लीतील तंदूर हत्याकांड (१९९५) या तपासांतही हे तंत्र उपयोगी पडले. पुढे एस.टी.आर. पद्धती रुजली आणि आपल्याकडेही तयार संचांचा वापर सुरू झाला.

कायद्याने तंत्राला स्थान दिले ते २००५ च्या दुरुस्तीने. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५३-अ आले व वैद्यकीय तपासणीच्या व्याख्येत डी.एन.ए. आलेखनाचा समावेश झाला. याच संहितेच्या कलम २९३ नुसार शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल, त्यास साक्षीस न बोलावताही, पुराव्यात वाचता येत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ३२९ मध्ये कायम आहे. तज्ज्ञास बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. पण तो कोणी वापरला नाही तर संचाच्या परीक्षेचा प्रश्न उपस्थितच होत नाही. प्रयोगशाळांच्या मान्यतेसाठी नियामक मंडळाची तरतूद असलेले डी.एन.ए. तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे. दिल्लीतील छावला येथील अत्याचार व खून प्रकरणात मृत्युदंड झालेल्या तिघांची नोव्हेंबर २०२२ मध्ये मुक्तता करताना न्यायालयाने नमूद केले की, खालच्या दोन्ही न्यायालयांनी डी.एन.ए. अहवालातील निष्कर्षांचा आधार तपासला नाही आणि तज्ज्ञाने तंत्र विश्वसनीयपणे वापरले काय हेही पाहिले नाही. कॅस्ट्रो खटल्यातील तिसरा प्रश्न तो हाच. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचविणे आणि त्याच्या ताब्याची सलग नोंद ठेवणे यांविषयी निर्देश दिले. या निर्देशांनी मुद्देमालाचा प्रयोगशाळेच्या दारापर्यंतचा मार्ग आखून दिला. दाराच्या आतील मार्गाचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

ग्वामचा धडा भारताला विशेष लागू पडतो. आपल्याकडे जाती-जमातींतर्गत विवाहाची परंपरा दीर्घ आहे. एखाद्या समूहात प्रायमरच्या जागी दुर्मीळ बदल असेल तर तो पिढ्यान्पिढ्या त्याच समूहात एकवटून राहण्याची शक्यता असते. परदेशी लोकसमूहांवर घडविलेला संच गोंड, भिल्ल वा कातकरी समाजातील व्यक्तीच्या नमुन्यावर तपासलेला असणे ही म्हणूनच न्यायाची गरज ठरते.

१२. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) डी.एन.ए. पुराव्याची विश्वसनीयता मुख्यतः न्यायालयीन आव्हानातून घडली. ज्या टप्प्यांवर आव्हान नव्हते, तेथे दोष दडून राहिले.

(२) वैधता हा संचाचा स्थायी गुण नाही. संच, यंत्र, विश्लेषक, नमुन्याचा प्रकार आणि लोकसमूह यांच्या संबंधातून ती सिद्ध होते. यांपैकी काहीही बदलले की परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

(३) वैधता-परीक्षणाच्या नोंदी दोन्ही पक्षांना पाहता आल्या पाहिजेत. अहवालासोबत संचाचे नाव, अंतर्गत परीक्षणाचा दिनांक, शिखराची सीमारेषा आणि स्टटरचे प्रमाण जोडण्याची प्रथा पडल्यास उलटतपासणीला आधार मिळेल.

(४) भारतीय लोकसमूहांवर भिन्न संचांच्या निकालांची तुलना करणारे अभ्यास विस्ताराने व्हावयास हवेत. मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आणि आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संख्याशास्त्र व विधी हे विभाग एकत्र आल्यास, सहभागी व्यक्तींची संमती व गोपनीयता सांभाळून, हे काम करता येण्याजोगे आहे.

नारबरोच्या तपासात या तंत्राने सर्वप्रथम एका निरपराध मुलाला वाचविले होते. तसे ते पुढेही वाचवू शकेल, ते त्याची परीक्षा घेण्याचे काम चालू राहिले तरच.